पाठीवरचा चौकोन

माझ्या नणंदेच्या पाठीचा फोटो काढायचं ठरलं तेव्हा मी पेटीतून तिच्यासाठी नवं लुगडं काढून ठेवलं. यात हसण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा कळलं नाही. फोटो म्हणजे माझ्या लेखी एकच. लग्नाआधी नंदुरबारच्या बाजारात एका फोटोवाल्यानं डोंगर रंगवलेल्या पडद्यापुढे आम्हा बहिणींना उभं केलं होतं, आणि आईची ठुशी घालून मी त्यात मिरवले होते. पाठीचा फोटो म्हणजे पाठमोरी उभी करत असतील, मग निदान पदराचा काठ तरी चांगला दिसावा, एवढंच माझ्या डोक्यात.

माझे यजमान हसले. म्हणाले, "तो फोटू ना कपडा देखस, ना कातडी. तो नीट हाडं देखस."

सासूबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. माझ्या सासूबाई म्हणजे भाकरी करपू देणाऱ्यांतल्या नव्हेत, पण त्या दिवशी तव्यावरची करपली.

"जे देवनी कातडीखाले झाकी ठेयेल शे, ते मानूसनी काब देखानं?" त्या म्हणाल्या, म्हणजे माणसानं ते का म्हणून पाहावं? "झाकी मूठ सव्वा लाखनी."

युद्धाची वर्षं होती ती. रनाळ्याला आमची कोरडवाहू आणि थोडी विहिरीखालची जमीन. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेलेले. घरात सासूबाई, माझे यजमान, मी आणि ही एकुलती नणंद. ती माझ्याहून थोडीच लहान. बापाच्या पाठीमागे तिचं लग्न रखडलेलं, आणि त्या काळात ती बिनलग्नाची म्हणजे घोडनवरी. पण काय पोर होती! डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर घागर घेऊन ती विहिरीवरून यायची ती वाटेत तिघींशी भांडून, त्यातल्या दोघींना हसवून. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. आमचं तसं नव्हतं. मी माहेरची चौथी पास, म्हणून ती मला "मास्तरीण" म्हणून चिडवायची, आणि मी तिला "पहिलवान".

त्या हिवाळ्यात पहिलवानाची पाठ दुखायला लागली. आधी वाटलं कापसाच्या गाठोड्यानं चमक भरली. शेक दिला, लेप दिला, तेल जिरवलं. मग संध्याकाळची अंगात तापाची कसर राहू लागली. ती बारीक होत गेली. खाली पडलेली वस्तू उचलायची तर कमरेत न वाकता, पाठ ताठ ठेवून, गुडघ्यात बसून उचलायची. मी एकदा पाठीवरून हात फिरवला तर मधल्या एका मणक्याशी ती "आई गं" म्हणून ओरडली. ती ओरडणारी नव्हती. शेजारणीनं डाग द्यायला सांगितलं, तापवलेल्या सळईनं. सासूबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. आपल्या पोरीच्या अंगाला त्या कुणाला हात लावू देत नसत, मग तो वैदू असो की डॉक्टर.

पण पावसाळा सरता सरता शहाद्याकडचं, ब्राह्मणपुरीचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांच्या कानावर पाठीचं दुखणं गेलेलं होतं. "दाखवून घ्या, मग पाहू," असा निरोप आला. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, पाठीचा फोटो निघाला तरच नक्की सांगता येईल, आणि तो सुरतेला निघतो. लग्न तर होतंच, पण माझ्या मनात त्याहून मोठी भीती होती. माझ्या माहेरच्या गल्लीत एक बाई होती. पाठीच्या दुखण्यातून तिचे पाय गेले होते. ती दोन हातांवर सरकत अंगणात यायची. मी लहानपणी तिला पाहून पळायचे. नणंदेकडे पाहिलं की मला ती बाई आठवायची.

जायच्या दिवशी सासूबाई आणि माझ्यात चोळीवरून वाजलं. मी नवी चोळी काढलेली, आणि त्या म्हणतात जुनीच घाल. जुनीला पाठीवर ठिगळ लावलेलं. मी म्हटलं, सुरतेची माणसं काय म्हणतील? त्या म्हणाल्या, सुरतेच्या माणसांना मी पोर द्यायला निघाले नाही. नणंद मुकाट्यानं जुनी चोळी घालून गाडीत बसली. एरवी नव्या कपड्यासाठी तीच आधी भांडली असती. माझ्या मनात आलं, दुखण्यानं पोर अगदी गरीब झाली.

नंदुरबारला रेल्वेत बसलो. नवापूरच्या पुढे जंगल लागलं, मग गुजरातची शेतं. नणंद बाकावर आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर. रुळाच्या प्रत्येक सांध्याला ती डोळे मिटून घ्यायची.

सुरतेचे डॉक्टर वयस्क, बोलायला मऊ. त्यांच्या बोटांची टोकं कोरडी, चिरलेली होती, आणि नखं फुटलेली. किरणांनी असं होतं, असं त्यांनीच सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. यंत्राच्या खोलीत काळे पडदे होते. एक लाकडी टेबल, वर लोखंडी दांड्यावर लोंबणारा डबा, आणि कोपऱ्यात खुंटीला एक जाड आंगरखा. मी सवयीनं त्याला हात लावून पाहिला. ओल्या घोंगडीसारखा जड.

"तेमां सीसुं छे," डॉक्टर म्हणाले. आत शिसं आहे. हे किरण लाकडातून जातात, कपड्यातून जातात, मांसातून जातात, शिशातून जात नाहीत. आमच्याकडच्या माणसाला एवढी गुजराती समजते.

त्यांना बोलायला कुणीतरी हवं असावं. त्यांनी माझ्या यजमानांना सांगितलं की विलायतेत आता यापुढची विद्या चालली आहे. मणक्यांच्या आत जी दोरी असते ती साध्या फोटोत दिसत नाही, म्हणून तिच्याभोवती सुईनं एक तेलकट औषध सोडतात, आणि ते जिथं अडेल तिथं रोग. मेंदूचा फोटो काढायचा तर आतल्या पोकळीत हवा भरतात. या विषयाची मासिकं त्यांच्याकडे बोटीनं यायची. युद्धानं ती बंद झाली, आणि फिल्मही मोजक्याच मिळू लागल्या. हे सांगताना ते हळहळले.

"डोकामा हवा भरतस?" सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, आणि त्यांनी नणंदेचा हात घट्ट धरला.

बायकांच्या बाबतीत त्या दवाखान्याची एक रीत होती. डॉक्टरांच्या पत्नी स्वतः येऊन सगळे दागिने उतरवून घेत. लुगडं सोडून एक मोठा पांढरा परकर देत, पण चोळी अंगावर राहू देत, कारण तिला ना बटण ना आकडा, नुसती पुढची गाठ. कापडानं फोटोला काही होत नाही. त्यांनी नणंदेचा करदोडा, बांगड्या, गळ्यातलं सगळं उतरवलं. मग विचारलं, "अंगावर चांदी, सोनं, लोखंड, काही राहिलं का?"

"काहीच नही," सासूबाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. त्या खोटं बोलल्या नाहीत, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

नणंदेला टेबलावर उताणी झोपवलं. पाठ फळीला टेकली तशी तिनं ओठ चावला. डॉक्टरांनी तो जड आंगरखा चढवला, आम्हाला बाहेर काढलं. आतून भुंग्यासारखा आवाज आला आणि थांबला. मग फिल्म अंधारात धुवायची, वाळवायची. आम्ही ओट्यावर बसून घरून नेलेली भाकरी खाल्ली.

दुपारी त्यांनी दिव्याच्या काचेपुढे ती काळी फिल्म लावली. माणसाच्या आतलं मी पहिल्यांदाच पाहत होते. बरगड्या दोन्ही बाजूंनी कशा कमानीसारख्या उतरत होत्या. मधून मणके, एकावर एक. आणि नेमकं जिथं दुखत होतं तिथं पांढरा डाग. त्याच्या आड काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं.

डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. मग वैतागले. त्याच आठवड्यात त्यांच्या दोन फिल्म अशाच डाग पडून वाया गेल्या होत्या. माल जुना, पावसाळ्यात ओल खाल्लेला. त्यांना वाटलं, ही तिसरी. ते म्हणाले, फोटो बिघडला, याच्यावरून मला काही सांगता येत नाही. नवा माल दिवाळीनंतर येईल, तेव्हा या. तोवर मुलीनं पडून राहायचं. ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही.

आम्ही परत निघालो. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, पण रनाळ्याला पोहोचेपर्यंत त्याचं निराळंच झालं. सासूबाईंनी वेशीतच भेटलेल्या बाईला सांगितलं, "फोटूमा काहीच निंघनं नही. मन्ही पोरले काहीच नही शे." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला तोंड उघडवेना. ब्राह्मणपुरीलाही तोच निरोप गेला. सुपारी फुटली.

चार-आठ दिवसांनी ती जुनी चोळी माझ्याकडे धुवायला आली. दगडावर घासताना पाण्याला लालसर रंग सुटला. ठिगळ हाताला कडक लागलं. उसवून पाहिलं तर अस्तर आणि ठिगळ यांच्यामध्ये शेंदूर. गावच्या मारुतीच्या अंगावर वर्षानुवर्षं तेलाशेंदराचं जे जाड कवच चढतं, त्याचं खपलं निघालं की गुरव ते भाविकांना देतो. तसलं एक चांगलं जाडजूड खपलं सासूबाईंनी कापडात चौकोनी बसवून, चारही बाजूंनी बारीक टाके घालून शिवलं होतं. कातडीखालचं माणसानं पाहिलं तर दृष्ट लागेल, म्हणून पोरीच्या दुखऱ्या जागेवर देवाचा पहारा. मला हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. सासूबाईंचा टाका सुंदर होता. त्यांच्यासारखी चोळी आमच्या पट्टीत कुणी शिवत नसे, नव्या नवरीच्या चोळ्या लोक त्यांच्याकडे आणून देत. मी ते जसं होतं तसं पुन्हा शिवून टाकलं. माझा टाका त्यांच्या जवळपासही गेला नाही.

नणंद पडून राहिली नाही. कशी राहणार? फोटोत काही निघालं नाही, लग्न ठरलेलं, हिवाळ्यातली कापूसवेचणी तोंडावर. मी एकदोनदा हंडा तिच्या डोक्यावरून उतरवून घेतला. तिनं तो परत घेतला. ती हसायची, पण चालताना पाय जरा ओढायची. मला विचारायची, "वहिनी, तुन्हा पायले मुंग्या येतस का व?"

दिवाळी नुकतीच झाली होती. विहिरीवरून येताना ती वाटेत पडली. हंडे गडगडत गेले. मी धावत गेले तर ती धुळीत बसलेली. ती रडत नव्हती, स्वतःच्या पायांकडे बघत होती. "वहिनी," ती म्हणाली, "ह्या उठी नही ऱ्हायनात."

मी तिला कवेत घेऊन उचललं. ते पाय माझ्या हातावर दोन ओल्या पोत्यांसारखे लोंबत होते. त्या क्षणी मला माझ्या माहेरच्या गल्लीतली ती बाई दिसली.

पुन्हा सुरत. या वेळी खाटेसकट. अंगावर दवाखान्याचाच सैल कुडता, कारण तिला बसवून चोळी घालणं कुणालाच जमलं नव्हतं. नवी फिल्म स्वच्छ आली. दोन मणके उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखे, एक दुसऱ्यावर बसलेला. हाडाचा क्षय. तिथला पू आणि खचलेलं हाड मिळून आतल्या दोरीवर दाब आला होता, म्हणून पाय गेले.

डॉक्टरांनी जुनी फिल्म शोधून आणली आणि नवीच्या शेजारी लावली. खोलीत आम्ही सगळेच होतो. नणंद खाटेवर, सासूबाई तिच्या उशाशी पदरानं वारा घालत तोंडातल्या तोंडात मारुतीचं नाव घेत होत्या, यजमान दाराशी. डॉक्टर एका फिल्मवरून दुसरीवर पाहू लागले. मग त्यांनी चिरलेल्या बोटानं जुन्या डागाच्या कडा चाचपल्या. एक कोपरा. दुसरा कोपरा.

"आ फिल्मनो डाघ नथी," ते हळू म्हणाले. फिल्मचा डाग नाही हा. "बेन, शरीरमां कंई चोरस न होय."

शरीरात चौकोनी काही नसतं. मी नणंदेकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, आणि तिच्या नजरेत आश्चर्य नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी पदर सावरून त्यांच्या मागे गेले. परक्या पुरुषाशी आपण होऊन बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. मी विचारलं, शेंदूर आडवा आला तर किरण जातात का? ते थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "शेंदूर म्हणजे शिसंच," ते म्हणाले. "शिसं भाजून करतात." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तेव्हा दिसलं असतं तर पडून राहण्यानं भागलं असतं."

मी तशीच भिंतीला टेकून राहिले. मला राग आला, आणि तो साधा राग नव्हता. आत जावं, सासूबाईंचे खांदे धरावेत, आणि सांगावं, तुमच्या देवानं पोरीचे पाय नेले. आल्या दिवसापासून त्यांनी मला जे जे सुनावलं होतं, मिठावरून, माहेरावरून, मूल होत नाही यावरून, ते सगळं एका वाक्यात फेडता आलं असतं. मी आत गेलेही. सासूबाई औषधाच्या पाण्यासाठी उठून बाहेर गेल्या, यजमानही त्यांच्यामागे गेले, आणि मी नणंदेपाशी एकटी राहिले.

"तुला ठाऊक होतं?"

तिनं होकारार्थी मान हलवली. त्या फळीवर झोपवलं तेव्हाच ते खपलं तिच्या पाठीत रुतत होतं. पण आईनं शपथ घातली होती, बोललीस तर गुण जाईल. शेंदूर फोटोला आडवा येतो हे तिला तरी कुठं माहीत होतं? तिलाही ते आत्ता, चौकोनाचं ऐकूनच उमगलं होतं.

तिनं माझं मनगट धरलं. हातात अजून पहिलवानाचंच बळ होतं. "वहिनी, मायले सांगू नको. मन्हा पाय गयात ते गयात. तिन्हा देव जावाले नको."

मी सांगितलं नाही. यजमानांनाही नाही.

तिला प्लास्टरच्या साच्यात निजवलं. मानेपासून मांड्यांपर्यंत पाठीच्या आकाराची पन्हळ, त्यात ती. तशीच तिला घरी आणली आणि ओसरीत फळीवर ठेवली. ब्राह्मणपुरीहून सुपारी परत आली. कितीतरी महिने तिचं खाणंपिणं, अंग पुसणं, सगळं मी आणि सासूबाई मिळून करत होतो. सासूबाई तिच्या तळव्यांना तीळतेल चोळायच्या, आणि मग माझ्याकडे न बघता विचारायच्या, "काही हालनं का?" रोज काही नाही. एका सकाळी मी तळवा पुसत असताना अंगठा माझ्या हातात वळवळला. मी ओरडले. सासूबाई शेणाच्या हातानं धावत आल्या, तो अंगठा पुन्हा हलला, आणि आम्ही दोघी, ज्या एका ताटात कधी जेवलो नव्हतो, एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

पाय आले, पण पुरते नाही. एका काठीवर ती चालू लागली. पाठीवर कुबड राहिलं, ते कायमचं. लग्नाचा विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही. सासूबाई दर शनिवारी कुणाकडून तरी मारुतीला तेल पाठवायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "मारुतीनी राखी म्हणीसन मन्ही पोर उठनी." असं म्हटलं की मी धुणं घेऊन विहिरीवर जायचे आणि कपडे फाटेस्तोवर आपटायचे.

त्याच सुमाराला सासूबाईंनी शिवणं सोडलं. डोळे गेले म्हणाल्या. चोळ्या घेऊन येणाऱ्या बाया परत जाऊ लागल्या, आणि घरातलं सगळं फाटकंतुटकं माझ्या गळ्यात आलं. आता, डोळे गेलेल्या या बाईला सुपातला ज्वारीएवढा खडा दिसायचा. ओसरीत बसून अंगणातल्या शेळीच्या कानातली गोचीड दिसायची. मी भाकरीला पीठ कमी घेतलं तर ते पाठमोऱ्या बसूनही दिसायचं. फक्त सुईचं भोक तेवढं दिसायचं नाही. मी बोलायचे ती बोलायचेच. "सासूबाईंचे डोळे मोठे हुशार," मी शेजारणीला त्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, "कामाचं तेवढं बरोब्बर वगळतात." एरवी माझ्या एका शब्दाला चार देणारी ती बाई याच एका बाबतीत कधी उलट बोलली नाही. ते मला विजयासारखं वाटायचं.

युद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात सासूबाई गोठ्यातल्या ओल्या दगडावरून घसरल्या. कंबर आणि पाठ धरली. उठता येईना. यजमान म्हणाले, सुरतेला नेऊन फोटो काढू. मला वाटलं त्या झाकल्या मुठीचं काहीतरी काढतील, पण "चाल," एवढंच म्हणाल्या.

निघायच्या सकाळी मी विहिरीवरून आले. दारात थबकले. नणंद काठी बाजूला टाकून आईच्या खाटेशी जमिनीवर बसली होती. मांडीवर आईची चोळी उलटी केलेली. तिची बोटं एकेक शिवण, एकेक अस्तराची घडी दाबत पुढे सरकत होती. पाठ झाली, बाह्या झाल्या, ती पुन्हा पाठीकडे आली. सासूबाई कुशीवर पडून तिच्याकडे बघत होत्या.

"काय चाचपी ऱ्हायनी व?"

"काहीच नही, माय."

"काहीच नही शे तेमा," सासूबाई म्हणाल्या. "त्या चौकोननंतर मी सुई हातमा लिधी नही."

नणंदेची बोटं थांबली. माझ्या काखेतली घागर तशीच राहिली.

"तुले मालूम व्हतं, माय?"

"त्या डागदरनी चोरस म्हणं. मन्हा हातनं शिवेल, माले नही समजाव?" सासूबाईंचा आवाज रोजच्यासारखाच होता, भाकरीला पीठ मळायला सांगतानाचा. "तू बोलनी नही. मंग मी कोन्हा तोंडनं बोलू?"

मग नणंदेनं विचारलं, जे माझ्याही ओठांवर होतं. "मंग शनवारनं तेल? ते काब?"

"देवना काय गुन्हा व?" सासूबाई म्हणाल्या. "शिवेल त मन्हा हातनं शे."

मी घागर खाली ठेवली आणि दारातच बसले. त्या डोळ्यांवरून मी काय काय बोलले होते ते सगळं आठवलं, आणि रडू आवरेना. नणंदेनं माझ्याकडे पाहिलं, पण ती उठली नाही. तिनं चोळी सुलटी केली, आईला हाताखालून आधार देऊन हळूच बसवलं, एकेक बाही चढवली आणि पुढची गाठ बांधली. सासूबाईंनी लहान मुलासारखे दोन्ही हात वर धरले होते.

बाहेर यजमानांनी गाडी जुंपली होती. आम्ही दोघींनी त्यांना दोन बाजूंनी धरून नेलं.